कालव्यावरची मॅच: चारा कधी टाकायचा, आमिष कधी बदलायचं

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळ ग्रँड युनियन कालव्यावर आमच्या क्लबच्या मासेमारीच्या हिवाळी मॅचेस असतात. चिठ्ठी काढून मिळालेल्या पेगवर, म्हणजे काठावरच्या ठरलेल्या जागेवर, पाच तास बसायचं, पकडलेला प्रत्येक मासा पाण्यात सोडलेल्या लांब जाळीत जिवंत ठेवायचा, शेवटी वजन करायचं आणि सगळे परत सोडायचे. (आईला हे अजून पटलेलं नाही. "मग धरतोस कशाला?") पोल (रीळ नसलेली लांब काठी), फ्लोट (चावा दाखवणारी तरंगती खूण), गळ यांच्याबद्दल हवी तेवढी माहिती मिळते. पण पाच तासांत चारा कधी वाढवायचा, कधी हात आखडता घ्यायचा आणि गळावरचं आमिष कधी बदलायचं, हे विचारलं की जो तो "येईल अनुभवाने" म्हणून मोकळा होतो. इकडच्या काही मराठी मित्रांनी यंदा क्लबात नाव घातलंय, मुख्यतः त्यांच्यासाठी या नोंदी.

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

सामान जमलं. १३ मीटरचा जुना पोल ३८० पौंड, बसायची पेटी ९०, फ्लोट-गळ-दोरा मिळून ६० च्या आसपास. रॉड लायसन्स वेगळं. पेटीसोबत दोऱ्याला लावायच्या छर्ऱ्यांचा एक डबा फुकट आला होता, पण ती शिशाची वजनं निघाली. अगदी बारीक दाणे आणि औंसाहून जड वजनं सोडली तर शिसं इथे १९८७ पासून बंद आहे, त्यामुळे टंगस्टनची नवी घेतली.

आज फक्त खोली मोजली. मधोमध बोटींचा पट्टा, साधारण साडेचार फूट. समोरच्या काठाला काटेरी झुडपाखाली अडीच फूट. आपल्या बाजूला उतार जिथे संपतो तिथे चार. तीन ठिकाणी तीन प्रकार ठरवले. मधल्या पट्ट्यात ब्रेड: पांढऱ्या स्लाइसच्या कडा काढून मिक्सरमधून काढलेला चुरा चाऱ्याला, गळावर पंचने कापलेली ५ मिलिमीटरची चकती. समोरच्या काठाला कॅस्टर, म्हणजे मॅगट अळीचा कोष झालेला. जवळच्या उताराला चिरलेली गांडुळं, पर्चसाठी. पर्च सोडून बाकी मासे मुख्यतः रोच, थोडे स्किमर म्हणजे लहान ब्रीम, आणि बारीक गजन.

६ ऑक्टोबर, रविवार, मॅच

ब्रेडवर सुरुवात केली. लिंबाएवढा एकच गोळा पोलच्या टोकाला लावलेल्या कपातून सोडला. चार मिनिटांत पहिला रोच, मग पाऊण तास झकास. मासे लहान, ३० ते ६० ग्रॅमचे, पण एकामागून एक. मग चावे विरळ झाले. मी आणखी एक गोळा सोडला, वीस मिनिटांनी आणखी एक. प्रत्येक गोळ्यानंतर दोन मासे यायचे आणि वाटायचं, चला, परत सुरू झालं. सुरू काही झालं नव्हतं. सव्वाबारापर्यंत तिथेच चिकटून राहिलो.

मग समोरच्या काठाला गेलो, तर तिथे तोवर एक दाणाही पडलेला नव्हता. मासे जमायला अर्धा तास गेला. वजन २ पौंड ९ औंस, म्हणजे सव्वा किलोच्या आत. जिंकणाऱ्याचं याच्या तिप्पट.

ब्रेडने मासे झटपट येतात आणि पोटही झटपट भरतं. कालव्यावर हा पहिल्या तासाचा खेळ, त्यापुढे चालला तर नशीब. पण मुख्य नुकसान ब्रेडवर जास्त बसल्याने झालं नाही, दुसरी जागा तयार नसल्याने झालं. कॅस्टर पहिल्या दहा मिनिटांपासून टाकत राहायला हवे होते, आठ-दहा दाणे, दर चार-पाच मिनिटांनी, तिकडे मासेमारी करत नसलो तरी. वाया गेला तो दीड तास.

१३ ऑक्टोबर, रविवार, सराव

आज मॅच नव्हती. घड्याळ आणि वही घेऊन बसलो. फ्लोट पाण्यात नीट उभा राहिला की मनात आकडे मोजायचे आणि चावा आला की तो आकडा वहीत लिहायचा, एवढंच. सोबत चारा टाकला की फुली.

तासाभरात पान बोलायला लागलं. चांगल्या वेळी आकडे १२, १८, १५, २०. मग ३०, ४५. त्यानंतर साठाच्या वर. मला नुसतं "चावे येतायत" असं वाटत होतं, तेव्हाही आकडे चढायला लागलेले होते. घसरण पंधरा-वीस मिनिटं आधी वहीत दिसते. ६ तारखेला हीच वीस मिनिटं मला हवी होती.

दुसरी गोष्ट गळाकडे बघून कळली. फ्लोट डुबकी मारतो, पोल उचलावा तर रिकामा, आणि गळाच्या टोकाला नखाच्या कपच्यासारखा एक खवला. म्हणजे मासा चावला नाही, त्याचं अंग दोऱ्याला लागलं. मासे तळ सोडून मध्ये तरंगतायत आणि वरून पडणारा चारा तिथेच गाठतायत. अशा वेळी मासे कमी झालेत समजून आणखी चारा टाकला, तर ते आणखी वर येतात. इथेच घोडं पेंड खातं: रिकामे चावे आणि चावेच नसणं यांवर उपाय उलटे आहेत.

कॅस्टर चपटा होऊन, आतला द्रव निघून, नुसतं टरफल परत आलं तर तो खरा चावा, फक्त आपण चुकवलेला. मग गळ २० नंबरवरून २२, म्हणजे आणखी बारीक, करायचा, कॅस्टरमध्ये पूर्ण लपवायचा. चाऱ्याला हात लावायचा नाही.

२० ऑक्टोबर, रविवार, मॅच

अॅश्ली वादळ खरं स्कॉटलंडकडे होतं, पण वारा इथेही पोचला. १३ मीटरचा पोल हातात धरणं म्हणजे शिक्षा. गलोलीने कॅस्टर मारत होतो आणि आकडे सुरुवातीपासून वाईट होते. चाळीस, सत्तर, काहीच नाही. दाणे वाढवले, दहाचे वीस केले. फरक शून्य.

शेजारच्या पेगवर एक आजोबा बसले होते, या कालव्यावर आयुष्य गेलेले. त्यांनी ग्राउंडबेटवर, म्हणजे ओल्या पिठाच्या चाऱ्यावर, दोन चांगले ब्रीम काढले. ते बघून माझेही हात शिवशिवायला लागले. ग्राउंडबेटचे चार गोळे धाडधाड मधल्या पट्ट्यात. पुढचा सव्वा तास तिथे फ्लोट हलला नाही. ब्रीम त्यांच्या पेगसमोर होते. माझ्याकडे होते ते रोच, आणि त्यांच्या डोक्यावर मी अर्धा किलो पीठ ओतलं होतं. टाकलेला चारा परत काढता येत नाही.

वजनाच्या वेळी आजोबांनी विचारलं, "तुझे कॅस्टर कुठे पडत होते, पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. त्यांनी बसल्या जागेवरून पाहिलं होतं: वाऱ्याने प्रत्येक मूठ फ्लोटपासून मीटर-दीड मीटर डावीकडे जात होती. म्हणजे मासे होते, खातही होते, फक्त माझ्या गळाजवळ नव्हते.

वजन १ पौंड १४ औंस. यापुढे वारा असला की गलोल बंद, पोलच्या टोकाला कप. आणि दाण्यांची संख्या बदलण्याआधी दोन मुठी पडताना डोळ्यांनी बघायच्या.

२७ ऑक्टोबर, रविवार

पहाटे घड्याळं मागे गेली. मॅच नाही, कॅस्टरचं प्रकरण निस्तरतोय.

दुकानात पाइंटभर कॅस्टर चार-साडेचार पौंडांना पडतात, तेवढ्याच मॅगट त्याहून स्वस्त. म्हणून मॅगट आणून घरीच कोष करायचे ठरवले. जमतं, पण वेळखाऊ आहे. दर काही तासांनी चाळणीतून काढायचं, कोष झालेले वेगळे करायचे, पिशवीत भरून फ्रिजमध्ये. कोष जसजसा गडद होतो तसतसा तरंगायला लागतो, म्हणून फिकट तांबूस असतानाच थंडीत टाकून थांबवायचा. पहिली पिशवी हवा न ठेवता घट्ट बांधली होती. तिसऱ्या दिवशी उघडली तर आंबूस वास, सगळे मेलेले. फेकले. आता पिशवीत थोडी हवा ठेवतो आणि रोज एकदा तोंड उघडतो.

फ्रिजवरून घरात जे व्हायचं ते झालं. "एका कप्प्यात करंजीचं सारण आणि दुसऱ्यात तुझे किडे, दिवाळी आहे अरे!" पंचवीस पौंडांना जुना छोटा फ्रिज घेऊन गॅरेजमध्ये ठेवला. हा खर्च सुरुवातीलाच धरा.

मॅचच्या दिवशी सकाळी कॅस्टर पाण्यात ओतायचे आणि तरंगणारे काढून टाकायचे. हे टाळलं की तेच तरंगणारे दाणे वरच्या वर वाहत जातात, मासे त्यांच्यामागे, आणि आपण तळाशी वाट बघत बसतो.

३ नोव्हेंबर, रविवार, मॅच

भाऊबीज. साडेदहाला ताईचा व्हिडिओ कॉल आला, एका हातात पोल होता. ताटातल्या दिव्यासमोर मान हलवली, ओवाळणी संध्याकाळी पाठवतो म्हणालो.

वारा अजिबात नाही, आभाळ राखाडी, पाणी स्वच्छ. आज नियम एकच ठेवला: जे परत फिरवता येतं ते आधी बदलायचं. म्हणजे आकडा चढला की पहिल्यांदा खोली. फ्लोट दोन इंच वर किंवा खाली. मग गळावरचं आमिष: एक कॅस्टर, दोन कॅस्टर, लाल मॅगट. मग जागा, अर्धा मीटर बाजूला. यांतलं काहीही दोन मिनिटांत पूर्ववत करता येतं. चाऱ्याचं प्रमाण सर्वांत शेवटी. आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

ब्रेडवर चाळीस मिनिटं झाली. आकडे १५ वरून ३५ ला गेले तेव्हा मासे येत होते, तरी उठलो. मन मानत नव्हतं. पण समोरच्या काठाला पहिल्या दहा मिनिटांपासून कॅस्टर पडत होते आणि तिथे पहिलाच मासा १०० ग्रॅमचा मिळाला.

बाराच्या सुमारास खवला आला गळावर. दाणे दहाचे पाच केले आणि फ्लोट सहा इंच खाली सरकवला, म्हणजे गळ तेवढाच वर. पुढच्या अर्ध्या तासात दिवसातले सर्वांत चांगले रोच त्याच उथळ पाण्यात आले.

मग एकदम शांत. आकडे चढले नाहीत, थेट बंद. शेवटचा मासा बोटभर पर्च. हळूहळू विरणं आणि एकदम थांबणं यांत गल्लत करू नका. विरतं तेव्हा मासे भरलेले किंवा बिचकलेले असतात, तिथे बदल करून बघण्यात अर्थ आहे. एकदम थांबतं तेव्हा बहुतेक वेळा पाइक किंवा मोठे पर्च असे मासेखाऊ मासे आलेले असतात, आणि त्यावर आपल्या डब्यात औषध नाही. काही न टाकता दुसऱ्या जागी जायचं. मी गांडुळांवर गेलो, वीस मिनिटांत दोन बरे पर्च मिळाले, परत समोर गेलो तर रोच हजर.

६ पौंड ४ औंस. सेक्शनमध्ये, म्हणजे काठाच्या आमच्या गटात, तिसरा.

१० नोव्हेंबर, रविवार, मॅच

रिमेम्ब्रन्स संडे, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार. अकरा वाजता सेक्रेटरीने शिट्टी वाजवली, सगळ्यांनी पोल पाण्याबाहेर काढले आणि कालव्याकाठी दोन मिनिटं उभे राहिलो. तिकडून एक नॅरोबोट येत होती, तिनेही इंजिन बंद केलं.

त्याआधीचा पाऊण तास माझे आकडे पन्नाशीच्या घरात होते. दर वेळी फ्लोट टाकला की गलोलीने दाणे, अशी सवय झाली होती. शिट्टीनंतर बोटं गारठलेली, गलोल सापडेना, म्हणून नुसताच फ्लोट सोडला. दहापर्यंत मोजलं नाही तोच रोच. पुन्हा न टाकता सोडला, पुन्हा रोच. त्यानंतर आणखी दोन.

स्वच्छ पाणी, अडीच फूट खोली, वर दर मिनिटाला दाण्यांचा सडा. आवाजाने आणि हालचालीने मासे झुडपाखाली सरकत असणार. ऑक्टोबरमध्ये पाणी गढूळ होतं तेव्हा त्याच आवाजाने ते यायचे. म्हणून त्या जागी गलोल बंद केली, दोन मासे मिळाले की कपातून सहा दाणे, हळू.

बोट गेल्यावर चारा विस्कटला असेल म्हणून लगेच टाकायचा मोह होतो. आज मुद्दाम आधी चाऱ्याशिवाय फ्लोट टाकून बघितलं. बोटीने उडवलेल्या गाळाने पाणी रंगलं होतं आणि जवळच्या उतारावर तीन मासे पटापट आले. मग टाकला.

५ पौंड २ औंस.

२० नोव्हेंबर, बुधवार

काल बर्फ पडला. सकाळी कामावर जाताना पुलावरून पाणी पाहिलं, तळ दिसतोय. रविवारसाठी मॅगट निम्म्याच सांगितल्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

बर्ट वादळ. मॅच रद्द. आधीच काढून ठेवलेले कॅस्टर गोठवले. गोठवलेले कॅस्टर गळावर चालत नाहीत, गांडुळांबरोबर चिरून चाऱ्यात मात्र चालतात.

१ डिसेंबर, रविवार, मॅच

वादळानंतरचा रंग पाण्याला अजून थोडा आहे, थंडी आहे. ब्रेडचा गोळा ऑक्टोबरच्या निम्मा, सुपारीएवढा. थंड पाण्यात माशांचं पचन मंद, एका गोळ्यात त्यांचा दिवस भागतो.

पंचवीस मिनिटं आकडे विशीत. मग ५०. चारा नाही, फ्लोट दोन इंच खाली सरकवून गळ वर घेतला: तीन मासे. परत ६०. चकती ५ ची ४ मिलिमीटर: एक मासा. सव्वाअकराला उठलो. समोर रंगलेलं पाणी असल्याने गलोल परत काढली आणि आज तीच चालली, दर दोन मिनिटांना चार-पाच दाणे. १० नोव्हेंबरचा निष्कर्ष या पाण्याला लागू नव्हता, आणि हे पाच मिनिटांत आकड्यांवरून कळलं.

पावणेएकला एकदम बंद. झुडपाजवळ मोठा भोवरा उठला, पाइकच. गांडुळांवर गेलो. सुरुवातीलाच तिथे दोन कप टाकून ठेवले होते, पण वीस मिनिटं काहीच नाही. आणखी अर्धा कप टाकला आणि परत कॅस्टरवर गेलो. शेवटच्या चाळीस मिनिटांत पुन्हा आलो तेव्हा तीन पर्च, सर्वांत मोठा पौंडाचा.

७ पौंड ११ औंस, म्हणजे साडेतीन किलोला जरा कमी. सेक्शनमध्ये दुसरा, वीस पौंड मिळाले. आमिष आणि प्रवेश मिळून आजचा खर्च चोवीस.

न सुटलेला प्रश्न गांडुळांचा. दहा वाजता टाकलेले दोन कप पर्चना बोलावतात की मी पोचेपर्यंत ते खाऊन निघून जातात? शेवटचे तीन मासे त्या अर्ध्या कपाचे, की प्रकाश कमी झाल्याचे? पुढची मॅच १५ डिसेंबरला आहे. त्या दिवशी बाकी सगळं आजच्यासारखंच ठेवणार, फक्त गांडुळांचा पहिला कप बाराच्या आधी टाकणार नाही.